सिमेंट टिकलं, चिरा गेला

पाऊस सरला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत भिंती वाढतात. जून ते सप्टेंबरात भिंतीचं काय झालं ते आपल्याला ऑक्टोबरच्या उन्हात दिसतं. या खेपेची बहुतेक पत्रं जुन्या चिऱ्यांच्या (तांबड्या जांभ्या दगडाच्या) भिंतींतल्या दरजांबद्दल, म्हणजे दोन दगडांमधले सांधे भरण्याबद्दल आहेत. त्यामुळे वाळवी, कौलं आणि एका वाचकाचा शेजाऱ्याच्या फणसाशी चाललेला वाद पुढच्या अंकावर ढकलतो.

आमचं वडिलोपार्जित घर चिऱ्याचं आहे. काही वर्षांपूर्वी पुढच्या भिंतीचा गिलावा पडू लागला. ठेकेदाराने तो सगळा काढून दरजांत सिमेंट भरलं आणि वर अंगठ्याएवढ्या जाडीची उठावदार पट्टी ओढली. तेव्हा फार देखणं दिसलं. आता पट्ट्या जशाच्या तशा आहेत आणि चिरे दोन-दोन बोटं आत गेलेत. बलकांवात (पुढच्या ओसरीत) रोज तांबडी पूड झाडावी लागते, आतल्या बाजूला ओल आहे. ठेकेदार म्हणतो, चिराच कच्चा होता. काय करावं?
— एक वाचक, माशेल

चिरा कच्चा होता हे मला पटत नाही. त्याच खाणीचा, त्याच हातांनी रचलेला चिरा घराच्या मागे न्हाणीकडेही असणार. त्या भिंतीला कुणी हात लावला नसेल तर एकदा जाऊन बघा. तिथे बहुधा दरजा खिळखिळ्या आणि चिरे धडधाकट सापडतील. पुढे नेमकं उलट झालंय, आणि फरक चिऱ्यात नाही, दरजेत भरलेल्या मालात आहे.

आपला चिरा लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी भरलेला, आत नळ्या-भोकं असलेला दगड. खाणीत ओला असताना कुऱ्हाडीने तासता येतो, वाऱ्यावर राहिला की टणक होतो. फ्रान्सिस बुकननने मलबारात हे पाहून १८०७ साली छापलं. आपल्या चिरेकाढ्यांना ते त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. पण टणक झाला तरी तो पाणी पितो. गोव्याच्या किनाऱ्याला वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. भिंत भिजणारच. ती वाळते कुठून, एवढंच आपल्या हातात असतं.

चुन्याची दरज चिऱ्यापेक्षा मऊ आणि पाण्याला जास्त वाट देणारी. भिंतीतलं पाणी तिथून बाहेर पडतं, बरोबर आलेले क्षार तिथे साठतात, त्यांचे स्फटिक वाढून चुना भुसभुशीत करतात. पिढी-दोन पिढ्यांनी तो उकरायचा आणि पुन्हा भरायचा. चपलेचा तळ झिजतो म्हणून पाय शाबूत राहतो, तसं हे आहे. सिमेंट भरलं की ती वाट बंद होते. पाणी चिऱ्याच्या तोंडातून वाळू लागतं, लोणा, म्हणजे क्षारांचा थर, चिऱ्यातच धरतो आणि दगडाचा दर्शनी थर पुडीने सुटत जातो. बलकांवात तुम्ही झाडता ती हीच पूड. सिमेंट स्वतःचे क्षारही घेऊन येतं. त्यात ती उठावदार पट्टी! प्रत्येक आडव्या पट्टीच्या वरच्या कडेला पाणी थबकतं आणि सावकाश चिऱ्यात शिरतं. मी तिला शोभेची पन्हळ म्हणतो. ठेकेदारांना ते आवडत नाही.

आता कामाचं. उद्याच छिन्नी घेऊन बसू नका. आधी वर बघा: कौलं सरकलीत का, वाशांची टोकं कुजलीत का, पागोळ्या भिंतीवर उडतात का. जुने गोवे इथल्या संत ऑगस्टिनच्या चर्चकडे नजर टाका. १८३५ मध्ये ती वास्तू ओस पडली, १८४२ मध्ये घुमटी छत कोसळलं, आणि आता ४६ मीटर उंचीच्या मनोऱ्याचा एक भाग तेवढा उभा आहे. चिऱ्याला छप्पर गेलेलं सोसत नाही. मग खाली बघा. जोत्याला लागून सिमेंटचा कोबा केला असेल, आणि हल्ली सगळेच करतात, तर जमिनीतली ओल अंगणातून बाहेर पडू शकत नाही, ती भिंतीत चढते. भिंतीलगतची दीड-दोन फुटांची पट्टी फोडा, खडी भरा आणि उतार भिंतीपासून दूर द्या. कित्येक घरांत आतली ओल एवढ्यानेच निम्म्यावर येते.

नंतर सिमेंट. ते सगळं काढायलाच हवं असं मी म्हणणार नाही. कोपऱ्यातली, नजरेआडची हातभर दरज निवडा आणि अरुंद छिन्नी, हलका हातोडा घेऊन काढून बघा. ठेकेदाराने जुना चुना नीट न उकरता वरवर सिमेंट चोपडलं असेल, आणि बहुतेक वेळा तसंच असतं, तर ते खपलीसारखं सुटेल. त्याच्या आळसाचे आभार माना. पण चिऱ्याची कड घेऊनच निघत असेल तर तिथे थांबा. घट्ट बसलेलं सिमेंट ओरबाडण्यात जो दगड जातो तो परत येत नाही. अशा ठिकाणी निदान वरची पट्टी घासून बसवा आणि बाकीचं राहू द्या. सुटणाऱ्या जागी दरजेच्या मधोमध बारीक ड्रिलने ओळीने भोकं पाडून मग छिन्नी लावली की कडांवर ताण येत नाही. ग्राइंडर मात्र कुणाच्या हातात देऊ नका. एका दुपारी तो सगळ्या उभ्या दरजा रुंद करतो आणि वरच्या-खालच्या चिऱ्यांत रेघा मारून ठेवतो.

आणखी एक गोष्ट तुमच्या ठेकेदाराने सांगितली नसेल. गोव्यातल्या कित्येक जुन्या घरांत चिरे मातीच्या लगद्यात रचलेत. चुना फक्त दर्शनी दरजेत आणि गिलाव्यात असतो. उकरताना आत तांबडी माती लागली की खोल जाऊ नका. एका वेळी हात-दीड हात लांबी घ्या, ती भरा, मग पुढे सरका. हललेल्या चिऱ्याखाली चिऱ्याच्याच चिपा ठोका.

जे चिरे फारच आत गेलेत ते काढून उलटे फिरवता येतात. मागची बाजू शंभर वर्षं सावलीत होती, ती बहुधा कोरी निघते. नवा चिरा आणावाच लागला तर यंत्राने कापलेला गुळगुळीत तुकडा तसाच बसवू नका, तोंड हाताने तासून घ्या आणि आधी काही महिने वाऱ्यावर राहू द्या. लोणा धरून आलेली पांढरी भुकटी कोरड्या मऊ ब्रशने झाडा. पाण्याने धुतलीत तर ती पुन्हा आत जाईल.

सगळं झाल्यावर गिलावा करा. चुन्याचा. तुमच्या आज्याने तो शोभेसाठी लावला नव्हता.

आमच्या गवंड्याला चुन्याचं काम माहीत नाही, पण हात चांगला आहे आणि शिकायची तयारी आहे. त्याच्यासाठी प्रमाण सांगाल का? आजी म्हणते चुन्यात गूळ आणि बेलफळ घालत. हल्ली मिळणारी चुन्याची फक्की चालेल का? चवथीपूर्वी (गणेश चतुर्थीपूर्वी) काम उरकायचं आहे.
— एक वाचक, डिचोली

शेवटापासून सुरुवात करतो. चवथीपूर्वी नाही. चवथ ऐन पावसाळ्यात येते. घर नटवायची घाई मला समजते, पण चुना पाण्याच्या सपाट्यात धरत नाही. दिवाळी झाली की सुरू करा आणि फेब्रुवारीत संपवा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो आणि हे काम बाहेरून आत, सावकाश चालतं. जूनच्या पहिल्या सरीआधी त्याला तीन-चार महिने मिळालेच पाहिजेत.

चुना शक्यतो कळीचा, म्हणजे भाजलेल्या पण न विरवलेल्या खड्यांचा, घ्या. पूर्वी आपल्याकडे शिंपल्या भाजून चुना करत. खुबे, कालवं असं जे खाडीतून निघे ते भट्टीत जाई. जुनी दरज फोडली की त्यात अर्धवट भाजलेल्या शिंपलीचा तुकडा अजूनही सापडतो. तसा चुना मिळाला तर उत्तम, नाहीतर दगडी कळी घ्या. ती विरवताना पाण्यात कळी टाकायची, कळीवर पाणी ओतायचं नाही. पाणी उकळायला लागतं आणि शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. चष्मा, हातमोजे, लांब दांड्याचं फावडं. जवळ स्वच्छ पाण्याची बादली आणि पोरंटोरं लांब. चाळणीतून गाळून घेतलेला लगदा वर बोटभर पाणी ठेवून झाकून मुरवा. महिनाभर तरी. जास्त मुरला तर जास्त लोण्यासारखा होतो.

पिशवीतली फक्की अगदीच चालत नाही असं नाही, पण दुकानात पडून पडून ती हवेनेच मेलेली असते. चिमूटभर घेऊन तिच्यावर व्हिनेगर टाका. भरपूर फसफसली तर तिचा खडू झालाय, देवळाच्या रांगोळीला वापरा. ताजी फक्की जवळजवळ न फसफसता विरघळते.

प्रमाण मापाने धरा, वजनाने नाही. कोरड्या, पागोळीखाली न येणाऱ्या भिंतीला एक भाग मुरलेला चुना आणि तीन भाग रेती. जोत्याजवळ, न्हाणीकडे किंवा पश्चिमेच्या माराला तोंड दिलेल्या भिंतीला एक चुना, दोन रेती, एक सुरखी. सुरखी म्हणजे मंद आचेवर भाजलेल्या जुन्या विटांची किंवा कौलांची भुकटी. तिच्यातल्या भाजलेल्या मातीमुळे चुना हवेविना, ओलीतही आवळतो. कडक भाजलेल्या नव्या विटेची भुकटी तेवढं काम करत नाही, नुसता रंग देते. रेती खरखरीत हवी, बारीक-जाड कण मिसळलेली. जुनी दरज फोडून, धुऊन तिच्यातली रेती तळहातावर घ्या आणि तशीच शोधा.

गूळ, बेलफळ, हिरडा, उडदाचं पाणी हे सगळं वापरत असत, आजी बरोबर सांगते. घुमटाला, गच्चीला, घोटीव गिलाव्याला त्याचा उपयोग आहे. दरजेला माझ्या मते गरज नाही. गूळ जास्त झाला तर चुना आवळायला उशीर लावतो, आणि मुंगळे येतात ते वेगळेच.

भरण्याची रीत अशी. दरज तिच्या रुंदीच्या दुप्पट खोल उकरा, निदान एक इंच. तळ चौकोनी ठेवा, घळीसारखा निमुळता नको. धूळ पंपाच्या हवेने किंवा ब्रशने काढा. मग पाणी मारा. इथेच सिमेंटवर हात बसलेला गवंडी चुकतो: चिरा कोरडा राहिला तर तो मालातलं पाणी क्षणात ओढून घेतो आणि चुन्याची नुसती भुकटी उरते. आदल्या संध्याकाळी एकदा, सकाळी एकदा भिजवा. पाणी ओघळत नसावं, पण चिरा गार लागावा. माल घट्ट ठेवा, थापीवरून न पडणारा. बोटापेक्षा जाड थर एका वेळी भरू नका. पहिला आवळल्यावर दुसरा. पट्टी ओढायची नाही. दरज चिऱ्याच्या कडेपेक्षा किंचित आत थांबवा आणि माल अंगठ्याचा ठसा जेमतेम उमटेल इतका आवळला की ताठ ब्रशने ठोका. त्याने भेगा मिटतात आणि वर आलेली चुन्याची साय निघून रेती दिसते. त्या खरबरीत तोंडातून पाणी चांगलं वाळतं.

त्यानंतर आठवडाभर ओलं गोणपाट. भिंतीला चिकटवू नका, वाशावर लटकवा. दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा फवारा. गवंड्याला मजुरी ठरवतानाच सांगा की हे दिवसही कामाचे धरलेत, नाहीतर तो दुसऱ्या कामावर जाईल आणि गोणपाट दुपारच्या उन्हात पापडासारखं वाळेल.

आमचं शिवोलीतलं घर होमस्टेसाठी तयार करतोय. सजावटकार म्हणतात, बाहेरचा आणि हॉलमधला सगळा गिलावा काढून चिरा उघडा ठेवला तर पाहुण्यांना ‘अस्सल गोवा’ वाटेल. आपलं मत?
— एक वाचक

अस्सल गोव्याने घराच्या चिऱ्याला उघडं ठेवलं नाही. गिलावा, त्यावर चुन्याचा हात, आणि पावसाळ्यानंतर पुन्हा चुन्याचा हात. गरिबाघरी गिलावा परवडत नसेल तर पावसाआधी भिंतीला माडाची झापं बांधत. उघड्या चिऱ्याची आवड अलीकडची आहे, आणि ती फोटोत चांगली दिसते हे मान्य.

बाहेरच्या भिंतीबद्दल माझं ऐकू नका, जुने गोवे इथल्या बाँ जेझूश बॅसिलिकेचं ऐका. १५९४ मध्ये बांधकाम सुरू झालं, १६०५ मध्ये अभिषेक झाला. साडेतीन शतकं चुन्याच्या गिलाव्याखाली चिरा सुरक्षित होता. मग गेल्या शतकाच्या पन्नाशीच्या दशकात, पोर्तुगीज अमदानीतच, ‘मूळ दगड दिसावा’ म्हणून तो गिलावा उतरवला गेला. आज आपल्याला ती इमारत तांबडीच ठाऊक आहे, कॅलेंडरवरही तशीच असते, त्यामुळे पुन्हा पांढरी करायची म्हटलं की लोक चिडतात. पण जवळ जाऊन चिऱ्याची कड बघा. झिजणं थांबवायला गिलावा परत द्यावा ही मागणी चर्चच्याच लोकांनी केलेली आहे, आणि मी त्यांच्या बाजूचा आहे.

हॉलमधली एखादी भिंत उघडी ठेवायची तर ठेवा. आत पाऊस नाही. फक्त तिच्यावर चकचकीत सीलर मारू नका. तो सिमेंटचाच भाऊ. आणि गिलावा काढायच्या आधी त्याचे थर कोपऱ्यात सुरीने हळू खरवडून बघा. जुन्या घरांत आणि देवळांत काव आणि चुन्याच्या थरांत कोरून काढलेली लाल-पांढरी नक्षी, कावी, कधीकधी सात रंगांखाली दडलेली असते. ती निघाली तर सजावटकाराला सुट्टी द्या.

आमच्या देवस्थानच्या दीपस्तंभावर पिंपळ उगवलाय. मुळांनी दरजा उघडल्यात. जत्रा माघात. काही महाजन म्हणतात पिंपळ तोडू नये, काही म्हणतात उपटून काढा आणि सिमेंट भरून ऑइल पेंट मारा.
— फोंडा तालुक्यातून

तोडू नये की तोडावा हे भटजींना विचारा. आधी पूजा करून रोप काढण्याची रीत पुष्कळ ठिकाणी पाळतात. माझा आग्रह एवढाच की उपटू नका. मूळ ओढलं की त्याच्याबरोबर दोन चिरे येतात. बुंध्याशी कापा आणि ताज्या कापावर लगेच तणनाशक ब्रशने लावा. मूळ आत मेलं की मग दरज उघडून जेवढं सहज निघेल तेवढं काढा. मनगटाएवढं मूळ आत गेलं असेल तर तेवढा भाग क्रमांक टाकून उतरवावा आणि पुन्हा रचावा लागेल. ते जाणकाराच्या देखरेखीखालीच.

दीपस्तंभाची एक खास अडचण: कोनाड्यांच्या आसपासच्या दरजांत त्रिपुरी पौर्णिमेचं वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं असतं. तेलकट जागी चुना धरतच नाही. तो सगळा काळा माल कोरडा चुना लागेपर्यंत उकरा. पुढे पणत्यांखाली पितळी थाळ्या ठेवल्यात तर बरं. ऑइल पेंट नको. चुन्याचे पातळ हात द्या, पाच-सहा, प्रत्येक हात वाळू देऊन. माघाच्या जत्रेसाठी कार्तिकात सुरुवात केलीत तर घाई होणार नाही.

आमचं घर जुने गोवे इथे एका संरक्षित वास्तूच्या जवळ आहे. दरजा भरायलाही परवानगी लागते का?

केंद्राच्या संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर निषिद्ध क्षेत्र आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित, असा २०१० च्या दुरुस्तीनंतरचा कायदा आहे. निषिद्ध क्षेत्रात नवं बांधकाम नाही, पण असलेल्या घराच्या दुरुस्तीला रीतसर अर्ज करून परवानगी मिळू शकते. सक्षम अधिकाऱ्याकडे आधी लेखी विचारणा करा, सध्याच्या भिंतीचे फोटो आणि कामाचं वर्णन जोडा. ‘दुरुस्ती’ एवढंच लिहू नका. ‘जुन्या दरजा चुन्याने भरणे, उंची व बाह्यरेखा कायम’ असं लिहा.

तांबडी सुर्लाच्या महादेवाच्या देवळात दरजाच दिसत नाहीत. तिथे काय भरलंय? आणि दुसरं, मिरामारची रेती फुकट आहे, ती चुन्यात चालेल का?
— फर्मागुडीचा स्थापत्याचा विद्यार्थी

तांबडी सुर्लाला काही भरलेलं नाही. कदंबकाळातलं ते देऊळ घडीव काळ्या बेसाल्टचं, दगडावर दगड कोरडा बसवलेला. सांधे इतके नेमके घडवलेत की दगडाचं वजनच त्यांना धरून आहे. तिथल्या फटीत चुना किंवा आणखी काही भरायचा मोह कुणाला झाला तर हात धरा.

मिरामारची रेती चालणार नाही. तिच्यात मीठ आहे, आणि लोणा काढायला निघालेल्या भिंतीत आपणच मीठ भरणार. धुऊनही ते पूर्ण जात नाही, शिवाय लाटांनी कण गोल झालेले असतात, एकमेकांत अडकत नाहीत. किनाऱ्यावरची रेती उचलणं कायद्यातही बसत नाही, तेव्हा ती फुकट असली तरी महाग पडेल. नदीची रेती मिळाली नाही तर दगड दळून केलेली खरखरीत रेती आण, आधी चाळून तिच्यातली बारीक धूळ काढून टाक आणि एक हातभर दरज भरून महिनाभर बघ.